मिस्टर पोकॉक यांच्या डोक्यावरची खोली

मिस लोडर यांचं घर नऊ एप्रिलला विकायला निघालं आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत तीन गिऱ्हाइकं येऊन परत गेली. घर तिघांनाही पसंत होतं. तिघांचंही शेजाऱ्याच्या सहीवर अडलं.

आमच्या गल्लीतली घरं सोळाव्या शतकातली. मूळची एकच लांब इमारत होती, तिचे पुढे वाटे पडत गेले. त्या वाटणीत मागच्या बाजूची वरची खोली मिस लोडर यांच्या घराकडे आली आणि तिच्या खालचं स्वयंपाकघर पलीकडच्या घराकडे गेलं. म्हणजे हे घर घेणारा माणूस एडगर पोकॉक यांच्या शेगडीच्या बरोबर वर झोपतो. वकील याला अधांतरी मालकी म्हणतात. बिघडलं तर कोणी काय दुरुस्त करायचं, याचा करार दोन्ही घरांनी केल्याशिवाय आता कुठलीच बँक अशा घरावर कर्ज देत नाही. मिस लोडर असल्या कागदाशिवाय एकेचाळीस वर्षं राहिल्या आणि फेब्रुवारीत वारल्या. त्यांचा भाचा ब्रिस्टलला असतो. घराची किल्ली माझ्याकडे होती, कारण मी समोर राहते.

एडगर त्र्याऐंशी वर्षांचे. कराराचा मसुदा आला की वाचायचे, घडी घालायचे आणि म्हणायचे, "विचार करतो." त्यापुढे काही नाही.

पबमध्ये यावर दोन मतं होती. एक, म्हाताऱ्याला ती खोली स्वतःलाच हवी आहे. दुसरं पबमालक नॉर्मनचं. "एकेचाळीस वर्षं डोक्यावर एकच बाई," तो म्हणायचा, "आता दुसरी कशी चालेल?" यावर सगळे हसायचे आणि एडगर दारातून आत आले की पावसाबद्दल बोलायला लागायचे.

मर्ल आस्क्यू सहा ऑगस्टला आली. वय एकसष्ट, कॉव्हेंट्रीत घरोघरी जाणारी सरकारी नर्स होती, नुकतीच निवृत्त झालेली. तिने एकोणीस घरं पाहिली होती, हे विसावं. कॉव्हेंट्रीतल्या तिच्या फ्लॅटचं गिऱ्हाईक तेवीस तारखेपर्यंत थांबणार होतं, त्यापुढे एक दिवसही नाही. हे सगळं तिने जिना चढता चढता सांगितलं, आणि मधूनच भिंतीवर टिचक्या मारून काय आवाज येतो ते ऐकत होती.

मी तिला एडगरचं सांगितलं.

"का नाही करत सही?"

"कुणाला ठाऊक."

"तुम्ही विचारलंत?"

"त्यांना? छे."

"का?"

"असं कसं विचारायचं?"

"चार महिने झाले," ती म्हणाली, "आणि अख्ख्या गावात कुणीही त्या माणसाला विचारलं नाही?"

खरंच विचारलं नव्हतं.

त्याच दुपारी मी तिला घेऊन एडगरकडे गेले. त्यांनी चहा केला, बिस्किटं बशीत मांडली. घेवड्याला यंदा किती शेंगा आल्या याबद्दल वीस मिनिटं बोलणं झालं. मग मर्लने कप खाली ठेवला.

"मिस्टर पोकॉक, मी एकटी असते. अगदी शांत. वर कुणी आहे हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

एडगरनी तिच्याकडे पाहिलं आणि बिस्किटांचा डबा बंद केला.

"विचार करतो," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर मर्ल गल्लीत थांबली. "आत्ता मी काहीतरी चुकीचं बोलले. काय बोलले?"

"काहीच नाही. चांगलंच बोललात. याआधीचे तिघंही हेच म्हणाले होते."

"हेच? अगदी हेच?"

"एकाने तर आणखी जाड गालिचा घालतो म्हणून सांगितलं."

चौदा तारखेला तिने परत किल्ली मागितली. या वेळी ती सरळ त्या मागच्या खोलीत गेली, वाकली आणि गालिच्यावर तळहात दाबला. बोटं बुडाली.

"घरात बाकी सगळीकडे उघड्या फळ्या आहेत. इथेच हा का? आणि कोरा करकरीत आहे."

"भाच्याने नाताळात घालून दिला. मावशीचे पाय गार पडायचे. शिवाय खाली एडगरना त्रास नको, असंही म्हणत होता."

"आणि त्या गेल्या फेब्रुवारीत. कुठे?"

"इथेच. पलंगाशेजारी पडल्या."

"लगेच कळलं?"

"नाही. तिसऱ्या दिवशी मीच दार उघडलं."

"लगेच गेल्या का?"

"डॉक्टर म्हणाले, नाही."

मर्लने गालिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ही हकिकत मी तोवर वीसेक जणांना सांगितली असेल. गालिचा एका वाक्यात असायचा आणि पडणं दुसऱ्या. ती दोन वाक्यं मी कधी शेजारी ठेवली नव्हती.

तिने भाच्याला फोन लावला. गालिचा काढून पाहिला तर चालेल का, एवढंच विचारलं. "काढा की," तो म्हणाला. आम्ही दोघींनी पलंग सरकवला, कडेचे खिळे उचकटले आणि गालिचा गुंडाळून भिंतीशी उभा केला. खाली रुंद, काळ्या पडलेल्या फळ्या होत्या. मर्लने बूट घातले आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत गेली. फळ्या करकरल्या. ती परत फिरली.

खाली रेडिओ चालू होता, तो बंद झाला. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. आम्ही खिडकीतून पाहिलं, तर एडगर घेवड्याच्या वाफ्यात हातात चाळणी घेऊन उभे होते आणि वर बघत होते.

"आस्क्यूबाई, वर तुम्ही चालताय का?"

"मीच. फार आवाज होतोय?"

"उजव्या पायावर भार कमी देता."

"गुडघा. दोन वर्षं झाली."

"मिस लोडर डाव्यावर कमी द्यायच्या." एडगरनी एक शेंग तोडली, निरखली, चाळणीत टाकली. मग घेवड्याकडेच बघत म्हणाले, "त्या वर पडून होत्या त्या दोन दिवसांत मी खाली बसून न्याहारी केली. दोन्ही सकाळी. म्हटलं, गालिचा चांगला निघाला."

मर्लने त्यांचं सांत्वन केलं नाही.

"या खोलीत मी गालिचा घालणार नाही," ती म्हणाली. "करारात तसं लिहून घ्या. पण माझीही एक अट आहे."

"सही माझी हवी आहे, बाई. अटी मी घालायच्या."

"तुमची घालून झाली. माझी ऐका. आवाज आला नाही तर नुसतं कान देऊन बसायचं नाही. पुढच्या दाराशी यायचं, वाजवायचं आणि विचारायचं."

"बोलावल्याशिवाय?"

"बोलावल्याशिवाय."

एडगर एवढे दचकलेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी चाळणी या हातातून त्या हातात घेतली.

"किती वाजेपर्यंत वाट पाहायची?"

"नऊ."

"रविवारी?"

"रविवारी दहा."

"विचार करतो," ते म्हणाले आणि आत गेले. मर्ल माझ्याकडे बघायला लागली. हे हो की नाही, ते मलाही कळेना.

एकवीस तारखेला त्यांनी सही केली. गालिच्याचं कलम वकिलाने कुरकुरत का होईना, लिहिलं. दुसरं लिहायला त्याने साफ नकार दिला. शेजाऱ्याने न बोलावता यावं, असं करारात घालता येत नाही म्हणाला. ते तोंडीच राहिलं.

मर्ल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात राहायला आली. दुसऱ्या रविवारी सव्वानऊला मी पडदे उघडत होते, तेव्हा एडगर टाय लावून तिच्या दारात उभे होते. हात दोनदा वर गेला आणि खाली आला. तिसऱ्यांदा त्यांनी दार वाजवलं.

मर्लने उघडलं. तिच्या हातात पीठ लागलेला लाकडी चमचा होता.

"मी दहा म्हटलं होतं, मिस्टर पोकॉक."

"ठाऊक आहे. तुम्ही खालीच काहीतरी करत असणार, तेही ठाऊक आहे."

"मग?"

"म्हटलं, एकदा वाजवून पाहावं. जमतं का ते."

"मी मेलेली नाही."

"दिसतंय," ते म्हणाले आणि पायपुसण्यावर बूट पुसायला लागले.