आवाज तुटणार नाही

घशाचं ऑपरेशन होण्याआधी माणसाचा आवाज रेकॉर्ड करून जपायचा, हे ताईचं काम. मागच्या खोलीत तिचा माईक, पुढच्या खोलीत तिच्या भावाचं, दादाचं, जाहिरातींचं दुकान. कॉम्प्युटर मात्र दोघांत एकच. त्यात नवी डिस्क बसली आणि दोघांचं वाजलं.

"जागा वाढावी म्हणून आणली मी ती! तू तिच्यावर जुनंच भरणार? डोकं ठिकाणावर आहे का?"

"भरणार. दोन्ही डिस्कवर कायम एकच गोष्ट राहील. एक मेली तरी दुसरी बोलत राहील."

"आणि उलटं झालं, कोरी डिस्क भरलेलीवर उमटली, तर? सगळ्यांचे आवाज साफ!"

भीती खोटी नव्हती. म्हणून तर तिने आधीच सगळ्याची एक प्रत मैत्रिणीकडे ठेवली होती. मूळ कोणती, कोरी कोणती, पुन्हा वाचलं. दादा "थांब" म्हणेपर्यंत तिने नक्कल सुरू करायचं बटण दाबलंही होतं.

"संध्याकाळी उपटून काढतो बघ!"

"हात तर लाव."

ती दारात खुर्ची टाकून बसली. थोड्या वेळाने दोघांचे वडील, अण्णा, आले. त्यांचा आवाज ऑपरेशनमध्ये गेला होता. त्यांनीही खुर्ची ओढली आणि लेकीशेजारी बसले.

काम पुरं झाल्यावर ताईने दादाला हाक मारली आणि अण्णांचं रेकॉर्डिंग लावलं. खोलीत अण्णांचा जुना, खणखणीत आवाज घुमला: "अरे, बोलायचं काय पण? कालपासून तुझ्या आईशी भांडलोय, तेच सांगतो..."

ऐन वाक्यात ताईने जुनी डिस्क कॉम्प्युटरच्या खणातून ओढून काढली.

"अगं ए!" दादा ओरडला.

अण्णांचा आवाज मात्र बोलतच राहिला. भांडणात आई कशी जिंकली, तेही सांगून झालं. दादा खाली बसला. डोळे पुसून मग तो पूर्वपदावर आला.

"झाला खेळ? माझ्या जाहिराती कुठे ठेवू आता?"

"कुठेही ठेव. ही जोडी मी तोडणार नाही."

दादाने तोंड उघडलं. अण्णांनी टेबलावर असा हात आपटला, की माईक लवंडला.

"बरं, बरं!" दादा पायात चपला सरकवत म्हणाला. "आणतो आणखी एक."

ताईने जुनी डिस्क परत खणात ढकलली. ती पुन्हा नवीशी जुळू लागली.