चौथं शील

वीस-बावीस वर्षं मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव आहे. लोकांच्या दुधात लॅक्टोमीटर सोडायचा, फॅट लावायची आणि "आज पाणी लई हाय" असं माणसाच्या तोंडावर सांगायचं, हे माझं काम. त्यामुळं गावात मला मित्र कमी. जे आहेत त्यांच्या म्हशी आटलेल्या आहेत.

अशा माणसाच्या मानेत गाठ निघाली आणि बार्शीच्या डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला, तेव्हा आमच्या संस्थेच्या चेअरमनला, गुंडप्पाला, गुदगुल्या झाल्या. गुंडप्पाचं चौसाळ्याला किराणा दुकान आहे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग आणि तोंडाला दार नाही. शाळेपासूनचा दोस्त, म्हणून मी ऐकून घेतो.

"जन्मभर दुसऱ्याचं सँपल घेतलंस बे भारत," तो म्हणाला. "आता दे तुझं."

आठवड्यानं रिपोर्ट आला. सँपल फेल. लिम्फोमा नावाचा कॅन्सर. डॉक्टर माझ्या पोरीच्या वयाची, पण बोलायला खणखणीत. म्हणाली, "काका, हा बरा होणारा आजार आहे. सहा केमो घ्यायच्या, तीन-तीन आठवड्यांनी. एकही चुकवायची नाही. आणि पाणी भरपूर प्यायचं. दिवसाला तीन-चार लिटर."

तो दोन हजार एकोणीसचा उन्हाळा. आमच्या गावात टँकर आला की लग्नाची वरात आल्यासारखी पळापळ व्हायची. मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई, हे पाण्याचं तेवढं कागदावर लिहून सही-शिक्का द्या. तहसीलदाराला दाखवतो. कॅन्सरनं का होईना, गावाला एक टँकर वाढंल."

डॉक्टर हसली, गुंडप्पा हसला. माझी बायको सिंधू पदर तोंडाला लावून रडत होती, तीही हसली. मग हसू आलं म्हणून माझ्यावरच चिडली आणि घरी येईपर्यंत बोलली नाही.

मी घाबरलो नाही, अशी फुशारकी मारणार नाही. दवाखान्याच्या पायऱ्या मी कठडा धरून उतरलो. पण मी यंत्रावर विश्वास ठेवणारा माणूस. काटा जिथं थांबला तिथं थांबला. मशीननं फॅट चांगली दाखवली तर मी कधी दुधवाल्याच्या कपड्यांकडं बघून ती कमी लिहिली नाही. डॉक्टरचा काटा 'बरा होणार' वर थांबला होता. मग आपण उगाच रडून त्यात पाणी कशाला घालायचं?

माझी खरी भीती वेगळीच होती. ती म्हणजे माझी आई, भामाबाई.

माझा थोरला भाऊ कचरू सहा वर्षांपूर्वी याच आजारानं गेला. त्याला तोंडाचा होता, तंबाखूचा. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. तो गेल्यावर आई वर्षभर धड जेवली नाही. उंबऱ्यात बसून राहायची, हाक मारली तर बघायची आणि पुन्हा रस्त्याकडं तोंड करायची. तेव्हापासून आमच्या घरात त्या आजाराचं नाव कोणी घेत नाही. आता दुसऱ्या लेकालाही तेच झालंय म्हटल्यावर म्हातारीचं काय झालं असतं? मी औषधानं वाचेन, पण आई ऐकूनच जाईल, असं माझं पक्कं मत होतं.

"अवो, सांगून टाका त्यांला," सिंधू म्हणायची. "आज ना उद्या कळंलच की."

"मी बरा झाल्यावर सांगू. तवर तोंड मिटून ऱ्हा," मी म्हणायचो. मी एकदा मत दिलं की पुन्हा तपासायची सोय नसते, हे सिंधूला लग्नापासून माहीत आहे.

यात दुष्काळानं मला मदत केली. कधी नाही ते. पाऊस नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून साखर कारखान्याचं धुराडं गार, आणि जनावरांच्या दावणी ओस. तेव्हा आमच्या संस्थेनं गावाबाहेर हायवेजवळच्या माळावर चारा छावणी काढली होती. घराघरातली जनावरं तिथं, आणि त्यांच्यासंगं घरातलं एक म्हातारं माणूस. आमच्याकडून दोन गायी आणि आई. सिंधू रोज भाकरी पोचवायची आणि सांगायची, "त्ये संस्थेच्या कामाला पुण्याला गेलेत." डॉक्टरांनीही धुळीत आणि गर्दीत जायचं नाही असं बजावलं होतंच. पथ्य आणि खोटं दोन्ही एकाच वेळी पाळलं जात होतं.

पहिली केमो झाली. सलाईनमधून लालभडक औषध उतरायला लागलं, लग्नातल्या सरबताच्या रंगाचं. मी सिस्टरला म्हटलं, "ताई, याच्यात पाणी तर न्हाई ना घातलं? आमी फॅट लावून बघतो हां." सिस्टर केरळची, तिला काही कळलं नाही. पण शेजारच्या कॉटवरचे आजोबा इतके हसले की त्यांची सलाईनची नळी नीट करायला दोन माणसं धावली. पुढचे चार दिवस मात्र मी काही विनोद केला नाही. उलट्या करणाऱ्या माणसाला विनोद जमत नाहीत, हे मी अनुभवानं सांगतो. तोंडाला गंजलेल्या कॅनची चव आली होती आणि भाकरीचा वाससुद्धा नको वाटत होता. सिंधू रोज नवं काहीतरी करून समोर ठेवायची आणि न बोलता परत न्यायची.

मग केस जायला लागले. भांग पाडला की अर्धा फणीतच. एक दिवस न्हाव्याला घरी बोलावून डोकं साफ करून घेतलं. मिशी तग धरून होती, पण गुळगुळीत डोकं आणि खाली झुपकेदार मिशी हे रूप बघून सिंधूच म्हणाली, "हिला बी काढा. लेकरं भितील." मिशीही गेली.

दुसऱ्या केमोच्या आधी बुद्ध पौर्णिमा आली. आईनं निरोप धाडला, "पुण्याचं काम मोठं का आई मोठी? पुनवेला ये." आता टाळता येईना. मी पांढरा सदरा घातला, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाकाला रुमाल बांधला आणि डोक्यावर टोपी चढवून गुंडप्पाच्या जीपमधून सिंधूसंगं संध्याकाळी छावणीवर गेलो. काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. उष्णतेनं केस गळाले, असं काहीतरी.

छावणीच्या तोंडालाच वाऱ्यानं टोपी उडाली आणि रुमाल घसरून गळ्यात आला. समोर आई, हातात शेणाची पाटी. तिनं माझ्या डोक्याकडं बघितलं, ओठावरच्या मोकळ्या जागेकडं बघितलं, पांढऱ्या सदऱ्याकडं बघितलं. पाटी खाली पडली.

"शिबिराला गेलतास व्हय रं!" ती म्हणाली. "मला न सांगता श्रामणेर झालतास!"

आमच्या समाजात उन्हाळ्याच्या सुटीत श्रामणेर शिबिरं भरतात. माणूस डोकं-मिशी काढतो, दहा दिवस चिवर घालून भिक्खूसारखा राहतो आणि मग परत आपल्या घरी, आपल्या कपड्यात येतो. बीडजवळ असं एक शिबिर नुकतंच उरकलं होतं. मी गावातून गेलो होतो केसांसकट आणि आलो होतो केसांशिवाय. आईचा हिशेब बरोबर होता, उत्तर तेवढं चुकलं होतं.

मी तोंड उघडलं. तोवर गुंडप्पा मागून म्हणाला, "व्हय मावशी! तुमाला एकदम दाखवायचं म्हणून कुणाला बोललाच न्हाई."

मी गुंडप्पाकडं बघितलं. 'वाचवलं की नाही' अशा तोऱ्यात तो उभा होता.

आई तिथंच, शेणाच्या पाटीशेजारी, गुडघे टेकून बसली आणि तिनं मला वाकून तीनदा वंदन केलं. खरं तर चिवर उतरवल्यावर माणूस पुन्हा साधा उपासक होतो, त्याला कोणी वंदन करत नाही. पण हे आईला कोण सांगणार? तिसऱ्यांदा तिचं कपाळ मातीला लागलं तेव्हा मी तिला दंडाला धरून उठवलं. मला लाज वाटली, सरळ लाज वाटली.

"कचरू गेला तवापासून मनात होतं," आई डोळे पुसत म्हणाली. "एक तरी लेक चिवरात बघावा. कुनाला म्हनले न्हाई मी."

मग ती छावणीभर ओरडत गेली. सहा वर्षांत तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. बाया गोळा झाल्या, गडी गोळा झाले. पौर्णिमेला भंते चार गावांना वाटून घ्यावे लागतात, आमच्या छावणीला ते मिळाले नव्हते. छावणीतलीच केशरबाई म्हणाली, "आता कशाला भंते पायजेत? वंदना भारतच घील." कडब्याच्या पेंढ्या रचून त्यावर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो ठेवला, मेणबत्त्या लावल्या. संस्थेच्या दुधाची खीर एका कडेला रटरटत होती. गुंडप्पा तिथं डाव घेऊन उभा राहिला. माझ्याकडं बघायचं टाळत होता.

मी बसलो. समोर सगळ्यात पुढं आई. त्रिशरण झालं. पंचशील सुरू केलं. एक-एक शील मी म्हणायचं आणि सगळ्यांनी माझ्यामागून म्हणायचं, अशी रीत. पहिलं झालं, हिंसा न करण्याचं. दुसरं, चोरी न करण्याचं. तेव्हा सवयीनं माझी नजर दुधात पाणी घालणाऱ्या दोघा-तिघांवर गेली आणि त्यांनी खाली बघितलं. तिसरं झालं.

चौथं होतं खोटं न बोलण्याचं. "मुसावादा..." एवढं म्हटलं आणि पुढचा शब्द येईना. लहानपणापासून रोज म्हणत आलोय. झोपेत उठवलं तरी म्हणेन. पण आई हात जोडून, डोळे मिटून माझ्या तोंडून तो शब्द यायची वाट बघत बसली होती. माझ्यामागून म्हणायला.

लोक डोळे उघडायला लागले. आईनंही उघडले.

"आई," मी म्हटलं, "मी शिबिराला गेलतो न्हाई. बार्शीला गेलतो, दवाखान्यात. माझ्या मानंत गाठ निघाली. कॅन्सर हाय. औषधानं केस गेले." आणि घाईघाईनं, जवळजवळ ओरडून म्हटलं, "पण बरा होनारा हाय!"

आई उठली, माझ्यासमोर आली आणि तिनं माझ्या मानेवर हात ठेवला, बरोबर गाठ होती त्या जागी टाक्यांचा वण चाचपत.

"कावून लपवलंस?"

"तू खचशील म्हणून. कचरू गेला तवा..."

"कचरू गेला म्हणून खचले व्हय मी?" तिचा आवाज चढला. "त्यानं मला सांगितलं न्हाई म्हणून खचले! तोंड बांधून हिंडायचा, दाढ दुखती म्हणायचा. आन् मी लवंगा देत बसले. लेकरू मरायला लागलंतं आन् मी लवंगा देत बसले! एक दिस म्या त्याच्यासंगं दवाखान्यात बसले न्हाई."

सहा वर्षं मी समजत होतो की आईला तो आजार सोसला नाही. सिंधू मागं उभी होती, तिच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

"डागदर काय म्हनली?"

"बरा होनार म्हनली."

"खरं?"

"आई, चौथं शील तोंडात धरून बसलोय. आता खोटं कसं बोलू?"

आईच्या ओठांचा कोपरा हलला. मग ती खिरीकडं वळली. "गुंडप्पा, तुला नंतर बघते." गुंडप्पानं डाव खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले. आई परत आपल्या जागी जाऊन बसली, पदर सारखा केला.

"थांबलास कावून? अर्ध्यात सोडू न्हाई. म्हण."

मी चौथं शील पुरं म्हटलं. सगळ्यांनी माझ्यामागून म्हटलं. पाचव्याला मात्र माझा आवाज फुटला आणि शब्द विरून गेले. तेव्हा आईनं ते उचललं, मोठ्या खणखणीत आवाजात, आणि सगळी छावणी तिच्यामागून म्हणाली. मीही म्हटलं.

दुसऱ्या केमोच्या दिवशी सकाळी गुंडप्पाची जीप दारात आली. मी फाईल घेऊन बाहेर पडलो, तर पुढच्या सीटवर, धुवट पातळ नेसून, आई आधीच बसलेली होती.