डावीकडे कलणारा दांडा

मित्रांनो, मी एक दमलेला खेळ आहे. जुना म्हणा, भंगार म्हणा, मला राग येत नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो.

ओसाकाजवळच्या आमागासाकीत, छप्पर घातलेल्या बाजारपेठेत, नाणे टाकून खेळायच्या यंत्रांचे एक दुकान होते. त्याच्या एका कोपऱ्यात मी उभा असे. ज्या पोरांनी मला घडवले ती महिनोन्महिने टेबलाखाली झोपली, शेवया खाऊन जगली. माझ्या शेवटी काय आहे ते त्यांना ठाऊक आणि मला. बाकी फार थोड्यांनी तिथवर मजल मारली.

माझा खेळ सांगायला सोपा आहे. पडदा उभा, कपाटाच्या दारासारखा. वरून समुद्र, बेटे, पूल, कारखाने खाली सरकत येतात आणि तळाशी एक पांढरे जहाज असते, म्हणून ते सारखे वर उडत चालले आहे असे वाटते. डाव्या हाताला लाल बोंडाचा दांडा, त्याने जहाज हलवायचे. उजव्या हाताला दोन बटणे. एकाने गोळ्या झाडायच्या, दुसऱ्याने बाँब टाकायचा. बाँब पडला की शत्रूच्या सगळ्या गोळ्या पुसल्या जातात, पण बाँब मोजकेच. एका नाण्यात तीन जहाजे. जहाजाच्या पंखाला गोळी घासली तरी काही होत नाही; मधल्या तांदळाएवढ्या ठिपक्याला लागली तरच जहाज खलास. हे ज्याला उमगते तो पळत नाही, अंग चोरून फटीतून निघतो.

आणि एक खोड माझ्या हाडीमाशी आहे. जो चांगला खेळतो त्याच्यावर मी जास्त गोळ्या झाडतो, जो मरतो त्याच्यावर कमी. मला घडवलेच तसे आहे. कुणाचा हात रंगात आला की मलाच त्याच्या मागे हात धुऊन लागावे लागे. त्याचा मला फार शीण येई.

माझाही एक काळ होता. माझ्यासमोर रांग लागे, खांद्यावर सिगारेटची राख पडे, शर्टाच्या बाह्या सरसावून माणसे खेळत आणि मागे उभी असलेली श्वास रोखून बघत. मग कापडी अस्वले चिमट्याने उचलायची यंत्रे आली आणि दाराजवळ जाऊन बसली. मी मागे सरकत सरकत धुलाईच्या दुकानाच्या भिंतीला टेकलो. कोणी नाणे टाकले नाही की मी लोकांना बोलवायला स्वतःशीच खेळतो, आणि दर वेळी त्याच लाल पुलावर मरतो. वर्षानुवर्षे तोच पूल आणि तेच मरण. माझे नाव काचेवर इतके भाजले गेले की पडदा बंद केला तरी दिसे.

त्या दिवसांत हामाको आली. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, रुंद मनगटांची बाई. शेजारच्या दुकानात चादरी धुवायला टाकायच्या आणि त्या होईपर्यंत बसायला जागा हवी, म्हणून माझ्यासमोर बसली. नुसते बसायचे कसे, म्हणून शंभर येनचे नाणे टाकले. लगेच मेली. "अगंबाई," म्हणाली आणि पुन्हा नाणे टाकले. मग तिच्या चादरी फारच वेळा मळू लागल्या.

तिला आकड्यांची हौस नव्हती. शेवटी काय आहे एवढेच तिला बघायचे होते. पण माझ्या शेवटच्या टप्प्यात नवे नाणे टाकून जीव विकत घेता येत नाही. तिथे जो मेला तो पहिल्यापासून. त्या टप्प्यातल्या लोखंडी किल्ल्यापाशी ती दर वेळी मरायची, सातूचा गार चहा प्यायची आणि चादरी घेऊन घरी जायची.

तोवर माझ्या दांड्याची स्प्रिंग म्हातारी झाली होती. हात ढिला पडला की तो डावीकडे कलायचा आणि जहाज त्याच्यामागे जायचे. इतर गिऱ्हाइके शिव्या देऊन उठली. हामाकोने मात्र करंगळीला शिकवले. चार बोटांनी दांडा हलवायचा आणि करंगळीने त्याला उजवीकडे रेटून सरळ धरायचे. म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून न्यावे तसे तिने मला सांभाळून नेले. हे करंगळीचे माझ्या मालकाला, सेन्झाकीला, माहीत नव्हते. तिने कधी तक्रारच केली नाही.

मग दुकान बंद व्हायचे ठरले. शटरवर कागद लागला. हामाको तो वाचून माझ्यासमोर आली आणि बोंडावर हात ठेवून नुसती बसली. "आता रविवारपर्यंतच," ती हळूच म्हणाली.

सेन्झाकी गळ्यात पंचा अडकवून दिवसभर पडदे पुसणारा, फार न बोलणारा माणूस. त्याने ते पाहिले. या बाईला काहीतरी द्यावे असे त्याला वाटले असावे. माझा दांडा कलतो हे इतर गिऱ्हाइकांच्या शिव्यांतून त्याने ऐकलेच होते. माझ्या बनावटीचा दांडा आता कुठे मिळत नाही. त्याने ओसाकाची जुनी दुकाने पालथी घातली आणि कोरा करकरीत दांडा शोधून आणला. रविवारी सकाळी तो बसवला, काच पुसली आणि बाजूला उभा राहिला. "बघा तरी," एवढेच म्हणाला.

मी सरळ झालो होतो, मित्रांनो, आणि मला रडू येत होते.

हामाकोची करंगळी रेटायला गेली आणि जहाज उजवीकडे गोळीवर जाऊन आदळले. पुन्हा नाणे. पुन्हा तेच. जिथे ती डोळे मिटून पोहोचायची तिथवरही जाईना. आणि दर वेळी वळून ती सेन्झाकीला म्हणायची, "काय मऊ चालतोय हो! फार छान झालंय." तो मान लववायचा. मग त्याच्याही लक्षात आले की काहीतरी बिनसले आहे, पण विचारायचे कसे? विचारले तर तिला लाज वाटेल. आणि तिने सांगितले तर त्याचे कष्ट मातीमोल होतील. दोघेही एकमेकांना जपत होते, आणि दिवस हातातून चालला होता. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

दुपारी दोई आला. हा टॅक्सीवाला, माझ्यावर पूर्वी बरेच नाव कमावून होता, आता फक्त मागे उभा राहून शहाणपणा शिकवायचा. दोन डाव बघून त्याने कपाळावर हात मारला.

"मालक, तुम्ही ताईंचा हातच बदललात की!"

"दोई, गप्प बसा," हामाको म्हणाली. "इतक्या मायेनं आणलाय त्यांनी."

"माया गेली चुलीत! तुमची करंगळी बघा, कुणाला रेटतेय ती? समोर कोणी नाहीच!"

सेन्झाकीने तिच्या हाताकडे पाहिले. "नवा चांगला नाही का?"

हामाकोची मान खाली गेली. "चांगला आहे हो. फार चांगला आहे. तीच तर पंचाईत आहे."

सेन्झाकी दाराकडे वळला. बाहेर भंगाराची पिशवी गाडीची वाट बघत होती, ती त्याने उचकली. दोई आत हात घालून म्हणाला, "हा घ्या तुमचा लंगडा!" जुना दांडा माझ्या अंगात परत आला. तो डावीकडे कलला, आणि तिच्या करंगळीने त्याला धरले.

तरी घाबरून तिने पहिली दोन जहाजे लवकरच घालवली. पण माझी खोड तुम्हाला सांगितलीच आहे. ती मरत गेली तशा माझ्या गोळ्या विरळ झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या खोडीचे बरे वाटले. एका उरलेल्या जहाजावर ती समुद्र, बेटे, लाल पूल पार करून किल्ल्यापाशी आली. मागे ताकोयाकीचे गरम गोळे विकणारा, धुलाईवाली, सगळे जमले.

"डावीकडे बघा, डावीकडे!" दोई किंचाळला.

"तुमच्या टॅक्सीत मी बोलते का मध्ये?"

"बोलता की! सिग्नल लागला की बोलता!"

किल्ल्याने गोळ्यांची भिंत उभी केली. ती त्या तांदळाएवढ्या ठिपक्यापुरती उरली, फटीतून सरकत राहिली, आणि फट मिटली तेव्हा तिने शेवटचा बाँब टाकला. भिंत पुसली गेली. तिच्या शेवटच्या गोळ्या किल्ल्यात शिरल्या आणि किल्ला फुटला.

पडदा काळा झाला. त्यावर टेबलाखाली झोपणाऱ्या त्या पोरांचे शब्द आले:

इथवर आलात. दमला असाल.

आमच्याकडे काम संपवून घरी निघताना माणसे एकमेकांना हेच म्हणतात. हामाकोने स्वयंपाकघरातल्या बायकांना रोज दुपारी हेच म्हटले होते.

"एवढंच?" दोई म्हणाला. "एवढ्यासाठी मी मान मोडून घेतली?"

हामाको आधी हसली. मग पदर नाही म्हणून बाहीने डोळे पुसले.

तेवढ्यात पांढरे जहाज पुन्हा पहिल्या समुद्रावर आले. शेवट झाला की मी तोच खेळ आणखी कठीण करून दुसऱ्यांदा सुरू करतो.

"दुसरी फेरी आहे," सेन्झाकी म्हणाला. "खेळा. शटर ओढायची घाई नाही."

"नको. चादरी मशीनमध्ये आंबतील."

तिने हात काढला. दांडा सवयीने डावीकडे कलला आणि जहाज लाल पुलाजवळ गोळी लागून संपले. तिने माझ्या गरम काचेवर तळहात ठेवला.

"तूही दमला असशील रे," ती म्हणाली.

मित्रांनो, आता मी सेन्झाकीच्या कोठीत उभा आहे. जुना दांडा अंगात आहे, नवा त्याच्या खोक्यात. जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच म्हणेन, जुन्या वस्तूत नवा भाग बसवण्याआधी तिच्यावर कोणाचा हात बसला आहे ते बघा, आणि त्या माणसाला विचारा. तुम्हाला कोणी विचारले तर भिडेपोटी खोटे बोलू नका. आणि प्लग काढण्याआधी क्षणभर हात ठेवा. ते शब्द मी जन्मभर पोटात घेऊन उभा होतो, दुसऱ्यांना दाखवण्यासाठी. मला ते कोणी म्हणेल असे कधी वाटले नव्हते.