झाकणावरचा तळवा

माघाचं ऊन टेकडीवरून सावकाश उतरतं. गवत पिवळं, वाट पिवळी, प्रयोगशाळेची भिंत पिवळी. तळघराच्या दारापाशी मात्र ऊन थांबतं. आत खिडकी नाही, वारा नाही, पाऊलही हळू टाकायचं.

आत दगडी चौथऱ्यावर एक बंद डबा. डब्यात केसाएवढ्या काचतंतूचं वेटोळं. प्रकाश वेटोळ्याच्या दारातून शिरतो आणि दोन होतो; एक डावीकडून फिरतो, एक उजवीकडून. डबा स्थिर असेल, तर दोघं एकाच क्षणी परततात. डबा वळला, तर एकाला उशीर होतो. असा डबा बसवलेल्या जहाजाला त्या उशिरावरून आपलं वळण कळतं.

पृथ्वीचं फिरणं वजा केलं, की इथे शून्य उरायला हवं. शून्य उरत नाही. चौथरा निश्चल, आणि आकडा म्हणतो, वळतोय.

हे वेटोळं कुमुदनं गुंडाळलेलं. तिचं शेवटचं. दिवाळीनंतर ती गेली. तेव्हापासून तिचा नवरा, इथला तपासनीस दिगंबर फणसे, डब्याला लागून स्टूल मांडतो. झाकणावर तळवा ठेवतो. घरी जातो, परत येतो, पुन्हा तेच स्टूल. डब्यातल्या प्रकाशासारखा, कितीही फिरला, तरी त्याच दारात.

आज संध्याकाळपर्यंत आकडा निवला नाही, तर वेटोळं मोडीत जाणार. प्रकाश सोडणाऱ्या दिव्यात खोट नाही. जोडात नाही. कुमुदच्या हातात तर नाहीच.

कामावरचे जोडीदार शेखभाई दारात उभे राहतात.

"दिगंबरराव, हात काढा तो."

"का?"

"तुम्ही चहाला गेलात की आकडा उतरतो. कालपासून बघतोय. सांगायला जीभ रेटत नव्हती."

तळवा झाकणावर तसाच राहतो. काच एका बाजूनं तापली, की प्रकाश चुकतो. नव्या माणसांना हे तोच शिकवत आला. गुंडाळायला बसली की कुमुद त्याला हुसकायची. "अहो, लांब व्हा बघू. शेगडी आहात नुसती."

लांब व्हायचं. तिच्या हातांनी वळलेल्या शेवटच्या गोष्टीपासून, लांब.

तो उठतो. दार ओढून घेतो. पायरीवर बसतो. ऊन गुडघ्यांवर चढतं. मांडीवर दोन तळवे उघडे, ऊबदार, ठेवायला जागा नसलेले.

आत, काळोखात, डबा निवत जातो. एक प्रकाश डावीकडून येतो, एक उजवीकडून. उशीर कुणालाच नाही. दाराच्या आत दोघं भेटतात. दाराबाहेर एक बसून राहतो.