तालमीच्या ओट्यावरचं इंग्रजी

"वस्ताद, मारुतीला लंगडा माणूस चालत न्हाय, हे तुमाला मारुतीनं कवा सांगितलं?"

गेणबानं हे भर तालमीच्या दारात विचारलं होतं. वस्ताद आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि आतल्या पोरांना जोर मारायला सांगितलं. उत्तर तेव्हा मिळालं नाही, पुढंही कधी मिळालं नाही. मी त्याला साक्षीदार आहे, कारण गेणबाचा थोरला भाऊ जोतीराम त्या वेळी माझ्यावरच रेलून उभा होता. मी त्याची कुबडी.

माळेगावच्या अलीकडं, कालव्यालगत आमचं गाव. तिथल्या उतारावर जोतीरामची उसाची गाडी उलटली आणि चाकाखाली त्याचा उजवा पाय गेला. गाडीची मोडकी दांडी अंगणात पडून होती. सुतारानं तीच तासून मला घडवलं. जिनं पाय घेतला, तिच्यातूनच पाय करून दिला. बगलेला टोचू नये म्हणून जोतीरामनं स्वतःचा लाल लंगोट माझ्या डोक्याला गुंडाळला. त्याला त्याचा आता दुसरा उपयोग नव्हता.

कारण तालमीतली माती म्हणजे साधी माती नव्हे. तिला ताक, हळद, तेल पाजतात. अंगानं धड असेल त्यानंच तिच्यात उतरायचं, असा नियम. खुद्द वस्तादांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दोन्ही कान मोडलेले. पण पैलवानाचा मोडका कान म्हणजे दागिना. मोडक्या पायाला ती सवलत नव्हती.

बारामतीच्या मोहनराव मास्तरांनी जोतीरामला एक इंग्रजी पुस्तक दिलं. त्यात परदेशी खेळाडूंच्या गोष्टी होत्या. एकाचे पाय लहानपणी भाजलेले, तरी तो धावला. एकाला हात नव्हता, तरी तो पोहला. जोतीराम दर बाजारी मास्तरांकडं जाऊन त्या गोष्टींचा अर्थ लावून घ्यायचा. येताना बैलगाडीत मला मांडीवर आडवी टाकून तेच शब्द मला ऐकवायचा. माझं इंग्रजी तिथलं.

तेव्हा नव्या साखर कारखान्यातल्या नोकऱ्यांची हवा होती. तिथला साहेब इंग्रजीत बोलतो, तेव्हा इंग्रजी बोलेल त्याचंच काम कायम, असं कुणीतरी उठवलं. झालं. संध्याकाळी मेहनत संपली की सगळे पैलवान घाम पुसत बाहेर येऊन ओट्यावर बसू लागले आणि गोणपाटावर बसलेला जोतीराम त्यांना शिकवू लागला.

"ही फेल," तो म्हणायचा. म्हणजे तो पडला. पैलवान चुकचुकायचे.

"ही गॉट अप." म्हणजे तो उठला. सगळे एकदम शड्डू ठोकायचे.

महिपती हा त्यांच्यातला सगळ्यांत दांडगा. भाजलेल्या पायांच्या गड्यासाठी तो फेट्याच्या शेवानं डोळे पुसत म्हणाला, "काय मानूस हाय. आपल्या गावात असता तर डोक्यावर घिऊन नाचलो असतो."

एवढं बोलून तो मला ओलांडून आपला पंचा आणायला आत गेला.

पौषात ओट्याचा दगड बर्फासारखा झाला. वस्तादांना दया आली. "जोतीराम, थंडी वाजत आसंल तर कांबळं घिऊन बस की," ते आतल्या शेकोटीजवळून म्हणाले.

कांबळ्यासकट जोतीराम खोकायला लागला, मग तापानं अंथरुणाला लागला. एका पायाच्या उडीवाल्याची गोष्ट अर्ध्यावर राहिली. दोन खांबांवर आडवा बांबू ठेवलेला, तो आता उडी मारणार, आणि तिथंच वर्ग बंद पडला.

महिपती भेटायला आला. उशाशी बसून म्हणाला, "ताप काय, उतरंल. पर त्या गड्यानं बांबू वलांडला का न्हाय, तेवढं सांगून ठेव."

जोतीराम इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. गेणबाची मूठ वळली होती. महिपती गेल्यावर जोतीरामनं पुस्तक त्याच्याकडं सरकवलं.

"मला न्हाय येत दादा. मी शाळेतनं पळालेला."

"मग आता बस. त्यांना अर्ध्यावर सोडू नगंस."

शेवटचं एकच पान त्यानं गेणबाला शिकवलं. अक्षरावर बोट ठेवायचं, गेणबानं म्हणायचं. गेणबा चिडायचा, पुस्तक फेकायचा, परत उचलून आणायचा. पान वाचता आलं, आणि माघात जोतीराम गेला.

मग गावाला त्याचा अभिमान वाटू लागला. वस्ताद घरी आले आणि जोतीरामच्या आईला, द्वारकाबाईंना, म्हणाले, "वैनी, कुबडी द्या. मारुतीशेजारी उभी करू, शेंदूर लावू. असा पैलवान पुन्हा हुनं न्हाय."

म्हणजे मी आत जाणार होते. माणूस धड नव्हता म्हणून बाहेर, आणि त्याचं लाकूड देव. द्वारकाबाईंनी पोराच्या आठवणीनं पदर तोंडाला लावला. गेणबा एवढंच म्हणाला, "हनुमान जयंतीला मीच आणतो."

त्या सकाळी सगळे आत हार घेऊन उभे होते. गेणबानं मला आणलं, बाहेरून दार ओढलं आणि दोन्ही कड्यांतून मला आडवी सारली.

"गेणबा, खुळा झालास व्हय? दार उघड."

"आत बसून ऐका की वस्ताद. माझा भाऊ भाईर बसून शिकवत हुता."

"भाईर आलो की तंगडं मोडीन लेका," महिपती ओरडला.

"मोड. मग मलाबी आत घेनार न्हाय. बांबूचं ऐकायचंय का न्हाय?"

आत सगळे दाराला कान लावून बसले.

गेणबा दादाच्या गोणपाटावर बसला आणि बोट ठेवून वाचू लागला. नाक बाहीला पुसत, अडखळत. गडी उडाला. बांबू पडला. पुन्हा उडाला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा ओलांडला. कुणी शड्डू ठोकला नाही. शेवटची ओळ आली, "दे मेड रूम फॉर हिम."

"म्हंजी काय रं?" आतून महिपतीनं हळूच विचारलं.

"म्हंजी, बाकावरचे खेळाडू सरकले आन् त्याला बसायला जागा दिली."

मी अजून त्याच ओट्यावर असते. शेंदूर लागलेला नाही. माझा लंगोट विटलाय, पण लाकूड पक्कं आहे. कुणा लंगड्याला गरज पडली तर त्यानं मला खुशाल न्यावं, फक्त उंबऱ्याच्या आतून एकदा फिरवून आणावं.

त्या सकाळी गेणबानं मला कड्यांतून काढलं आणि दार ढकललं. वस्ताद हातात हार घेऊन बाहेर आले. कुठं बघावं ते त्यांना कळेना. गेणबानं पुस्तक महिपतीकडं दिलं, मला भिंतीला टेकवलं, आणि गोणपाटावर सरकून वस्तादांना बसायला जागा केली.