गाईंच्या वरची खोली

आमचं शेतावरचं घर दोनशे वर्षांचं. खाली दगडी गोठा, वर लाकडी निजायची खोली. जपायच्या वास्तूंच्या सरकारी यादीत नाव लागलं तर वाचणार, नाहीतर मोठे दीर ते पाडून सिमेंटचं बांधणार, हे ठरलेलंच. म्हणून तपासायला साहेब यायचा होता. आणि कुणी येणार म्हटलं की आमच्या ह्यांच्या अंगात येतं!

सकाळी बघते तर गोठा रिकामा. पाचही गाई शेजाऱ्याकडे धाडलेल्या. "साहेबाला शेणाचा वास नको," म्हणे. वर गेले, तर जमिनीच्या फळ्यांमधल्या सगळ्या फटींत चिंध्या कोंबून वर सतरंजी अंथरलेली. मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात साहेब आलाच. पाठोपाठ मोठे दीर, आमचे भाऊजी, हातात मापाची टेप. ह्यांनी लगेच बाता सुरू केल्या, या खोलीत म्हणे एक राजा मुक्कामाला होता.

"कोणता राजा?" साहेबाने विचारलं.

"मोठा होता," हे म्हणाले.

साहेबाने वहीत काही लिहिलं नाही. मफलर आवळत म्हणाला, "एवढ्या थंडीत इथे निजता कसे? धुराडं नाही, शेकोटीला जागा नाही. बांधणाऱ्याची चूकच दिसते."

माझा पाराच चढला. "चूक त्याची नव्हे, माझ्या नवऱ्याची!" मी सतरंजी ओढून फेकली. "या फटी मुद्दाम ठेवल्यात. खाली गाई, त्यांची ऊब वर. तीस हिवाळे काढलेत मी इथे, शेगडी न पेटवता. माझी दोन्ही पोरं ऐन थंडीत याच खोलीत झाली!"

साहेबाने पेनाचं टोपण काढलं. "दाखवा बघू."

मग काय, हे अनवाणीच धावले. गाई परत आल्या, मी चिंध्या उपसल्या. साहेब फटींवर हात धरून बसला, मग पलंगावर टेकला, आणि तासाभरात चक्क घोरायला लागला. वही अजून कोरीच.

भाऊजींनी हातातली टेप खाली ठेवली. मग त्यांनी बूट काढले, फळ्यांवर आडवे झाले आणि फटीला गाल लावला. "आई आम्हाला इथेच निजवायची," ते पुटपुटले. हे त्यांच्या शेजारी जाऊन पडले. "सरक जरा," म्हणाले, आणि भाऊजी सरकलेसुद्धा! मला भरूनच आलं.

तरी मी विचारलंच, "मग भाऊजी, घर कधी पाडायचं?"

"हळू बोल गं," ते डोळे मिटूनच म्हणाले, "साहेब उठतील."