लाल डोळ्याचा अर्थ

गल्लीत मुंगी शिरायला जागा नव्हती. टॅक्सीवाल्याच्या गाडीत त्याच्या मेलेल्या आईची अंगाई लागायची आणि मध्येच गळा दाबल्यासारखी बंद पडायची. सीटखाली आवाज मोठा करणारी पेटी होती, ॲम्प्लिफायर. तिच्यावर लाल दिवा पेटायचा. मंत्र घालणारे गुरुजी सांगत, तो सासूचा डोळा, टॅक्सीवाल्याच्या बायकोवर, सुनेवर वटारलेला. पेटीला जाड शाल गुंडाळून ते अर्धा तास मंत्र पुटपुटत, की आवाज परत येई. लोक हात जोडत.

गुरुजींचा तोडगा निघाला होता: सुनेनं दिवस मावळायच्या आत घर सोडायचं.

सून सकाळपासून आत-बाहेर करत होती. पिशवी भरायची, उपसायची, पुन्हा भरायची. सासूचं शेवटचं दुखणं तिनंच काढलं होतं, अंगाईही तिनंच मोबाइलवर टिपली होती. टॅक्सीवाला नवरा नखं कुरतडत बसलेला. शेवटी तिनं गाड्यांची वायरिंग करणाऱ्या मावशीला बोलावून आणलं.

मावशीनं सीट उचलली, तारा चाचपल्या आणि म्हणाली, "यात अर्थ नाही."

गुरुजी खुलले. "कारागिरालाही उमगलं बघा. जगण्यात अर्थ नाही, सगळी माया."

"जगण्यात नाही हो, पेटीत. अर्थची वायर, अर्थिंगची हो, पत्र्याच्या रंगावरच आवळलीय."

वीज गाडीच्या पत्र्यातून परत फिरते, तिनं समजावलं. मध्ये रंग आला की ती अडखळते. पेटी ओढाताणीनं तापते, जळू नये म्हणून लाल दिवा लावून गप्प बसते. त्यात वर शाल.

मग मंत्रानं कशी बोलते, कुणीतरी विचारलं.

"आज मंत्र नको," सून म्हणाली. "शाल काढू आणि नुसतं थांबू."

आत्मा कोपेल, गुरुजींनी बजावलं. मागून एक म्हातारा म्हणाला, "कोपू दे. तेवढाच तुमच्या घशाला आराम."

सगळे थांबले. सून पदराचं टोक पिळत येरझाऱ्या घालत राहिली. पंधराव्या मिनिटाला पेटी निवली, दिवा विझला आणि सासू गाऊ लागली, मऊ, ऊन दुधासारखं. गुरुजींची चप्पल तेवढ्यात गर्दीतून वाट काढत होती.

मावशीनं रंग खरवडून वायर पत्र्याला घट्ट बसवली. अंगाई शेवटपर्यंत वाजली.

"आई रागावली नव्हती तर," नवरा पुटपुटला.

"ते मला विचारायचं होतंत," सून म्हणाली, आणि पिशवी त्याच्या हातात दिली. उपसायची पाळी त्याची.

मावशी हात पुसत गर्दीला म्हणाली, "यंत्र बंद पडलं तर आधी स्क्रू काढून बघा, बाबांनो. घरचं माणूस काढायची घाई करू नका."